आयताला पट्टी नसते

आयत या विषयावर मला कोणी काही शिकवायला येऊ नये! बावीस वर्षं मी फोटोफ्रेमचं दुकान चालवतोय. नवरा-नवरी, पदव्या, वारलेले आजोबा, बक्षीस घेताना डोळे मिटलेली पोरं, सगळ्यांना मी चार पट्ट्यांत बसवलंय. लांबून नुसता फोटो दाखवा, बारा बाय अठरा आहे की चौदा बाय वीस ते मी सांगतो. टेप लावतो ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी!

म्हणून एका संध्याकाळी बायको पुस्तक आपटून म्हणाली, "हे आयत माझा जीव घेणार," तेव्हा मला हसूच आलं.

आधी तिची भानगड सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ती वाचनालयात कामाला आहे. कपाटं पुसायची, परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची. अकरा वर्षं झाली. कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर आहे हे ग्रंथपालबाईंना रजिस्टर उघडून बघावं लागतं, हिला झोपेत विचारा! तर काउंटरवरचे गृहस्थ निवृत्त होणार होते. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "जागा तुझीच समज. पण शालान्त परीक्षेचं प्रमाणपत्र लागेल." आणि घोडं तिथेच अडलं होतं. सोळाव्या वर्षी तिचा गणित हा एकच विषय राहिला होता. मग लग्न झालं, संसार झाला, गणित राहिलं ते राहिलंच. मागच्या वर्षी पुन्हा बसली आणि सहा मार्कांनी गेली. निकालाचा कागद तिने पिठाच्या डब्याखाली सरकवला आणि दोन दिवस कोणाशी बोलली नाही. ते दोन दिवस मला आयुष्यात पुन्हा नको आहेत.

आता परीक्षा दोन आठवड्यांवर होती. ही संधी गेली की काउंटरवर दुसरं कोणीतरी बसणार.

"बघू काय अडलंय," मी म्हटलं.

"बीजगणित. आयताची शाब्दिक उदाहरणं. दहा मार्कांना असतात."

"आयत? माझ्या घरात राहून तू आयताला घाबरतेस? अगं, हे म्हणजे आचाऱ्याच्या बायकोने उपाशी राहण्यासारखं झालं! उद्यापासून मी शिकवतो."

कोपऱ्यात आई शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "तू शिकवणार? गणित? अरे, तुझ्या स्वतःच्या वेळी..."

"आई, शेंगा!" मी म्हटलं. तो विषय इथे नको. नंतर बघू.

दुसऱ्या दिवसापासून मी दुकान दोन तास लवकर बंद करायला लागलो. येताना उरलेल्या पट्टीचे चार तुकडे आणले, टेबलावर मांडले, गुण्या लावून कोपरे काटकोनात केले. आणि ऐटीत म्हटलं, "वाच."

तिने वाचलं, "एका आयताची लांबी त्याच्या रुंदीपेक्षा चार सेंटिमीटरने जास्त आहे. परिमिती छत्तीस सेंटिमीटर आहे. तर लांबी व रुंदी काढा."

"आता? पहिली पायरी काय?"

"शिकवणीच्या बाई म्हणतात, जे माहीत नाही त्याला क्ष म्हणायचं. म्हणजे रुंदी क्ष. मग लांबी क्ष अधिक चार."

"माहीत नाही असं आधीच सांगून टाकायचं?" मला धक्काच बसला. "आमच्या धंद्यात माहीत नाही म्हटलं की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं!"

"इथे तसंच आहे. पहिल्या ओळीत कबूल करायचं. मग पुढे माहीत असल्यासारखं वागायचं."

हे मात्र मला आवडलं. पुढे माहीत असल्यासारखं वागण्यात माझा हात कोण धरणार?

"ठीक. परिमिती छत्तीस. म्हणजे एकूण पट्टी छत्तीस. आता पट्टीची रुंदी किती दिलीय?"

"पट्टी?"

"फ्रेमची पट्टी गं!"

तिने उदाहरण पुन्हा वाचलं. "पट्टीचं काही दिलेलं नाही."

"छपाईत राहिलं असणार," मी म्हटलं. "काय एकेक पुस्तकं काढतात!"

आता जरा धंद्यातली गोष्ट सांगतो. फ्रेमची पट्टी कोपऱ्यावर तिरकी कापतात. त्यामुळे फोटोच्या चार बाजूंएवढी पट्टी घेऊन कधीच भागत नाही. प्रत्येक कोपऱ्यात पट्टीच्या रुंदीच्या दुप्पट पट्टी जास्त लागते. चार कोपरे, प्रत्येकी दोन, एकूण आठ. फोटोची परिमिती अधिक पट्टीच्या रुंदीची आठपट, एवढी पट्टी कापायची. हे आठ विसरला तो फ्रेमवाला संपला! मी बावीस वर्षांत एकदाही विसरलो नाही.

"पट्टी आपण एक सेंटिमीटर रुंद धरू," मी म्हटलं. "छत्तीसातून आठ आधी वजा कर. राहिले अठ्ठावीस. निम्मे चौदा. क्ष अधिक क्ष अधिक चार बरोबर चौदा. क्ष पाच. रुंदी पाच, लांबी नऊ! संपलं!"

तिने पुस्तकाच्या मागे उत्तर बघितलं. "इथे सात आणि अकरा दिलंय."

मी क्षणभर गडबडलो. पण क्षणभरच! पाचात दोन्हीकडची एकेक सेंटिमीटरची पट्टी मिळवली की सात. नऊत मिळवली की अकरा. माझी छाती फुगली.

"बघ! त्यांनी फ्रेमच्या बाहेरून मोजलंय! पुस्तकवाले कधी फ्रेम बनवतात का? गिऱ्हाईकसुद्धा हीच चूक करतं."

"अहो, पण नुसत्या आयताला पट्टी असते कुठे?"

"पट्टी नसेल तर आयत भिंतीवर टिकेल कसा?"

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि वहीत मुकाट्याने आठ वजा केले. पुढचे बारा दिवस आमची शिकवणी अशी जोरात चालली. मी आयत मांडायचो, ती क्ष लिहायची, आम्ही आठ वजा करायचो, चहा व्हायचा. मला तर वाटायला लागलं, मी चुकून फ्रेमवाला झालो. मी मास्तरच व्हायला हवं होतं!

आणि त्याच दिवसांत क्षने माझ्या दुकानात पाऊल टाकलं.

ग्रंथपालबाई स्वतः आल्या. वाचनालयाच्या संस्थापकांचं रंगीत चित्र काढून घेतलं होतं, त्याला फ्रेम हवी होती. सोबत त्यांनी तीन इंच रुंदीची, सोनेरी नक्षीची जुनी पट्टी आणली होती. म्हणाल्या, "ही संस्थापकांच्या काळातली. सोळा फूट आणि वर चार बोटं आहे. अशी पट्टी आता कुठे मिळत नाही, तेव्हा जपून कापा. शनिवारी संध्याकाळी पाचला अनावरण आहे."

"चित्र कुठेय?"

"चित्रकाराकडे. रंग ओला आहे, शनिवारी सकाळीच येईल. त्यांनी माप पाठवलंय." त्यांनी चिठ्ठी दिली. लिहिलं होतं, 'कडेने दोरी फिरवली, चौदा फूट भरली. उंची रुंदीपेक्षा एक फूट जास्त.'

"हे कसलं माप? नुसती उंची-रुंदी लिहायची ना!"

"कलावंत आहेत," बाई म्हणाल्या. "मी फोन करून विचारू का?"

तुम्ही सांगा, मी काय म्हणायला हवं होतं? 'विचारा.' एवढंच! तीन अक्षरांत प्रकरण मिटलं असतं. पण माझ्या अंगात तेव्हा मास्तर संचारला होता.

"कशाला विचारायचं? क्ष आहे ना!"

बाई गेल्या. मी पट्टी उलटी केली आणि मागच्या लाकडावर पेन्सिलीने गणित मांडलं. एकूण चौदा फूट. पट्टी तीन इंच, आठ त्रिक चोवीस इंच, म्हणजे दोन फूट. चौदातून दोन गेले, बारा. निम्मे सहा. क्ष अधिक क्ष अधिक एक बरोबर सहा. क्ष बरोबर अडीच! रुंदी अडीच फूट, उंची साडेतीन फूट! मी स्वतःलाच शाबासकी दिली. पट्टी कापली, कोपरे जुळवले, सरस लावला, खिळे मारले. कोपऱ्यातून केस जाणार नाही अशी फ्रेम झाली. वर पट्टी दोन फूट चार बोटं उरली. बाई मोठ्या मनाच्या, दोन फूट जास्तच देऊन गेल्या, असं म्हणून तो तुकडा मी फळीवर ठेवून दिला.

शनिवार उजाडला. बायकोचा पेपर अकराला. सकाळी ती पुस्तक मिटून शांत बसली होती. मीच चुळबुळत होतो.

"आठ विसरू नकोस," मी निघताना म्हटलं.

"नाही विसरणार," ती म्हणाली आणि हसली. ते हसणं मला तेव्हा कळलं नाही.

साडेदहाच्या सुमाराला मी सायकलला फ्रेम अडकवून वाचनालयात पोचलो. चित्र आलेलं होतं. टेबलावर संस्थापक आडवे पडले होते. भव्य कपाळ, दाट मिशा, हातात पुस्तक. मी ऐटीत फ्रेम त्यांच्यावर ठेवली.

फ्रेम त्यांच्यावर बसली. अगदी तंतोतंत बसली! कडेला कड, कोपऱ्याला कोपरा, सुतभर फरक नाही. फक्त चित्र फ्रेमच्या आत जाण्याऐवजी फ्रेम चित्रावर बसली होती. संस्थापकांचं कपाळ सोनेरी नक्षीखाली गडप! हातातलं पुस्तकही गडप. मधल्या जागेतून नुसत्या मिशा आणि दोन रागीट डोळे माझ्याकडे बघत होते.

ग्रंथपालबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अहो फ्रेमवाले, चित्र फ्रेमच्या आत असतं ना?"

"असतं तसंच, बाई."

"मग हे?"

मी टेप लावली. गिऱ्हाइकाच्या नाही, माझ्या समाधानासाठी. चित्र तीन बाय चार. माझी फ्रेम बाहेरून तीन बाय चार. मी चिठ्ठी काढून पुन्हा वाचली. 'कडेने दोरी फिरवली.' दोरी! चित्राच्या कडेने! दोरीला कुठे तिरके कोपरे असतात? त्यात पट्टी नव्हतीच! नुसता आयत होता, बिचारा उघडाबोडका आयत! आणि आठ वजा करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

म्हणजे पुस्तकातल्या आयतांनाही पट्टी नव्हती. म्हणजे छपाई बरोबर होती! म्हणजे बारा दिवस मी तिला...

भिंतीवर घड्याळ होतं. अकराला सतरा मिनिटं कमी.

"कुठे निघालात? पाच वाजता अनावरण आहे!" बाई ओरडल्या.

"आलोच! आयताला पट्टी नसते!" मी उत्तर दिलं आणि फ्रेम गळ्यात अडकवून सायकलवर टांग मारली. फ्रेम ठेवून जायचं सुचलंच नाही. रस्त्यातली माणसं थांबून बघत होती. सिग्नलला एक बाई आपल्या मुलीला म्हणाली, "बघ, फोटोतून माणूस बाहेर आलाय." मला उत्तर द्यायला वेळ नव्हता. डोळ्यांसमोर एकच दिसत होतं, पिठाचा डबा आणि त्याखालचा कागद.

परीक्षेच्या शाळेपाशी पोचलो आणि आत घंटा वाजली. फाटक बंद. रखवालदाराने मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"आत सोडा हो! दोन शब्द बोलायचेत!"

"पेपर सुरू झालाय. आता बोलायचं ते एकला."

"एकला उपयोग नाही!"

"मग नका बोलू," तो म्हणाला.

मी कुंपणाला वळसा घातला. मागच्या बाजूला तळमजल्याच्या खिडक्या होत्या. तिसऱ्या खिडकीतून बायको दिसली. खाली मान घालून लिहीत होती. आठ वजा करत असणार! माझा धीर सुटला. मी फुलझाडांच्या कुंड्या ओलांडल्या, गज धरले आणि हळूच, म्हणजे माझ्या मते हळूच, हाक मारली.

"अगं! आठ वजा करू नकोस! आयताला पट्टी नसते!"

चाळीस माना एकदम वळल्या. सोनेरी चौकटीत माझं घामेजलेलं तोंड सगळ्यांनी डोळे भरून बघून घेतलं. दोघा-तिघांनी तर घाईघाईने 'आठ वजा नाही' असं कोपऱ्यात लिहूनही घेतलं! बायकोने कपाळाला हात लावला.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पर्यवेक्षक आले. उंच, किडकिडीत, मिशांच्या बाबतीत संस्थापकांचे धाकटे भाऊ शोभावेत असे. त्यांनी मला मागच्या दाराने आत घेतलं, माझ्या गळ्यातली फ्रेम काढली आणि उलटी केली. आणि तिथे, लाकडावर, माझ्याच अक्षरात, ठळक पेन्सिलीने, बीजगणित!

"क्ष अधिक क्ष अधिक एक बरोबर सहा. क्ष बरोबर अडीच," त्यांनी मोठ्याने वाचलं. "हे काय आहे?"

"उत्तर आहे, साहेब."

"कशाचं?"

"चुकीचं!"

"कॉपी पुरवण्याचे शेकडो प्रकार बघितले मी. शर्टाच्या बाहीत, बुटात, पाण्याच्या बाटलीवर. पण सोनेरी फ्रेमवर कोरून आणलेली कॉपी आज पहिल्यांदा बघतोय! कोणासाठी आणलीत?"

नाव सांगितलं तर तिला उठवतील. न सांगितलं तरी मगाशी मी बघत कुणाकडे होतो ते चाळीस जणांनी पाहिलं होतं. दोन वर्षांची तिची मेहनत, अकरा वर्षांची वाट, सगळं मी एका खिडकीत घालवून बसलो होतो. खरं सांगतो, मला रडू यायला लागलं.

"इथे माझं कोणी नाही," मी म्हटलं.

"आहे," मागून आवाज आला. ती उभी राहिली होती. "सर, ते माझे मिस्टर आहेत. फ्रेम बनवतात."

"त्यांनी तुम्हाला आत्ता काहीतरी सांगितलं."

"हो सर. पण त्यांनी सांगितलेलं मी कधी पेपरात लिहीत नाही. माझा पेपर बघा. चूक असेल तर माझी, बरोबर असेल तर तेही माझंच."

पर्यवेक्षक तिच्या बाकापाशी गेले. पेपर बघितला. प्रश्नपत्रिका बघितली. माझी फ्रेम बघितली. पुन्हा पेपर बघितला.

"अडीच हे उत्तर इथे कुठल्याच प्रश्नाचं नाही," ते म्हणाले. "बसा बाई, लिहा. आणि हे गृहस्थ पेपर संपेपर्यंत रखवालदाराच्या खोलीत बसतील. फ्रेम माझ्याकडे राहील."

दोन तास मी त्या खोलीत स्टुलावर काढले. रखवालदार माणूस चांगला होता, त्याने चहा दिला. म्हणाला, "काय झालं काय नेमकं?" मी जुन्या वर्तमानपत्रावर आयत काढून त्याला छत्तीस सेंटिमीटरचं उदाहरण पहिल्यापासून समजावून सांगितलं.

तो म्हणाला, "पण यात पट्टी कुठेय?"

म्हणजे रखवालदारालाही एका दमात कळलं होतं! मी चहा संपवला.

एक वाजता ती बाहेर आली. हातात माझी फ्रेम होती. तीच ती पर्यवेक्षकांकडून सोडवून घेऊन आली होती. मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो.

"कसा गेला?"

"बरा गेला."

"आयताची उदाहरणं? आठ वजा केलेस?"

"नाही."

"मी खिडकीतून सांगितलं म्हणून?"

"अहो, ते आठ मी पहिल्याच दिवशी सोडले होते," ती म्हणाली. "शिकवणीच्या बाईंनी ताळा घ्यायला शिकवलंय. आलेलं उत्तर पुन्हा प्रश्नात घालून बघायचं. पाच आणि नऊची परिमिती अठ्ठावीस येते, छत्तीस नाही. मी रोज तुमच्यासमोर आठ वजा करायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खोडून बरोबर लिहायचे."

"मग बोलली का नाहीस?"

तिने फ्रेम माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "बावीस वर्षांत तुम्ही दुकान कधी लवकर बंद केलं नव्हतं. बारा दिवस रोज संध्याकाळी घरी येत होतात, माझ्यासमोर बसत होतात. तुम्ही समोर बसलात की मला गणिताची भीती वाटत नव्हती. बोलले असते तर आला असता का?"

मी सायकलची घंटी उगाचच एकदा वाजवली.

मग फाटकाबाहेर उभा राहून मी तिला फ्रेमचं सगळं सांगितलं. संस्थापकांचं कपाळ, मिशा, पाच वाजताचं अनावरण. मला वाटलं ती चिडेल. तिने पेपराचं पेन पर्समधून पुन्हा बाहेर काढलं.

"उरलेली पट्टी किती आहे?"

"दोन फूट, वर चार बोटं. पण त्यात काय होणार? दुसरी तशी पट्टी बाजारात मिळत नाही."

"चित्र तीन बाय चार. फ्रेम आतून अडीच बाय साडेतीन. म्हणजे प्रत्येक बाजू अर्धा फूट कमी पडतेय. बाजू चार. चार वेळा अर्धा, दोन फूट." तिने माझ्याकडे बघितलं. "ग्रंथपालबाईंनी सोळा फूट पट्टी का दिली होती असं तुम्हाला वाटलं?"

"मोठ्या मनाच्या आहेत म्हणून."

"चौदा फूट चित्राचे आणि दोन फूट तुमच्या आठांचे! त्यांनी हिशेब करूनच दिली होती, अहो. तुमचे आठ बरोबरच होते. मिळवायचे तिथे तुम्ही वजा केलेत."

मी तिला डबलसीट घेऊन दुकान गाठलं. माझ्या हातांना आता उजळणी नको होती. जमलेल्या फ्रेमच्या चारही बाजू बरोबर मध्ये कापल्या. चार कोपरे चार अखंड तुकडे म्हणून सुटे झाले. प्रत्येक दोन कोपऱ्यांमध्ये सहा इंचाचा तुकडा घातला. ती माप धरायची, मी करवत चालवायचो. प्रत्येक कापाआधी ती म्हणायची, "ताळा?" आणि मी पुन्हा मोजायचो! गुण्या चारही कोपऱ्यांत चपखल बसला. आतून तीन बाय चार. पण सांधे दिसत होते. प्रत्येक बाजूला दोन, चार बाजूंचे मिळून आठ सांधे. सोनेरी नक्षीत आठ भेगा.

"आता यांचं काय?" ती म्हणाली.

ते मात्र माझं काम होतं. आरशांसाठी आणलेली पितळी फुलं ड्रॉवरमध्ये होती. प्रत्येक भेगेवर एक, अशी आठ फुलं ठोकली. पावणेपाचला आम्ही फ्रेम घेऊन वाचनालयाच्या पायऱ्या धावत चढलो. ग्रंथपालबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता, पण बघायला वेळ नव्हता. संस्थापक आत बसले. कपाळासकट, पुस्तकासकट!

पडदा सरला आणि टाळ्या पडल्या. अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. त्यांनी चित्राकडे बघितलं, फ्रेमकडे बघितलं आणि सद्गदित झाले. "ही आठ फुलं," ते म्हणाले, "म्हणजे संस्थापकांचे आठ गुण!" आणि ते गुण मोजायला लागले. ज्ञान, त्याग, शिस्त, नम्रता, साधेपणा, कष्ट, वाचन... सात झाले आणि गाडी अडली. सभागृह वाट बघत राहिलं. मागच्या रांगेतून माझी बायको हळूच म्हणाली, "ताळा." ते कोणी ऐकलं नाही, पण मी हसू दाबता दाबता बाकावरून पडता पडता वाचलो. अध्यक्षांनी शेवटी वाचन पुन्हा एकदा मोजून वेळ मारून नेली.

निकाल पुढच्या महिन्यात लागला. पास! नुसती पास नाही, गणितात एकसष्ट! या वेळी निकालाचा कागद पिठाच्या डब्याखाली गेला नाही. मी त्याला फ्रेम केली. माप तिने स्वतः दिलं.

आता ती काउंटरवर बसते. चष्मा नाकावर, पेन कानावर, समोर रजिस्टर. पहिल्याच आठवड्यात मी मुद्दाम सभासद व्हायला गेलो. नवऱ्याला बायकोचा रुबाब बघायचा होता, दुसरं काय! माझ्या मागे रांगेत पाच-सहा माणसं होती.

"नाव?" तिने विचारलं, जसं काही आयुष्यात मला बघितलं नाही. मी सांगितलं. "पत्ता?" मी तिचाच पत्ता तिला सांगितला. "व्यवसाय?" "फ्रेमवाला."

"शिक्षण?"

मी इकडेतिकडे बघितलं. "तुला माहीत आहे ना."

"अर्जदाराने सांगायचं असतं."

आता तो विषय आलाच आहे तर सांगून टाकतो. आई शेंगा सोलताना जे बोलणार होती ना, ते हेच. शालान्त परीक्षेत माझंही गणित राहिलंय. हिचं निदान एकोणतीस मार्कांना राहिलं होतं. माझं अकराला.

"पटकन सांगा," मागची रांग म्हणाली.

मी काउंटरवर वाकलो आणि हळूच म्हटलं, "क्ष लिही."

तिने खरंच क्ष लिहिलं! वळणदार अक्षरात. मग ड्रॉवर उघडला, एक छापील अर्ज काढून माझ्यापुढे सरकवला. पुढच्या परीक्षेचा अर्ज! माझं नाव आधीच भरलेलं होतं.

"आता किंमत काढा," ती म्हणाली. "पुढचे या."

तर सध्या आमच्या घरी पुन्हा शिकवणी चालू आहे. या वेळी ती शिकवते आणि मी शिकतो. आई शेंगा सोलत समोरच बसते, हसण्यासाठी म्हणून. पहिल्या दिवशी बायकोने उदाहरण वाचलं, "एका आयताची लांबी रुंदीपेक्षा चार सेंटिमीटरने जास्त आहे, परिमिती छत्तीस." मी पेन्सिलीला टोक केलं, वही उघडली, 'समजा रुंदी क्ष' असं ठसठशीत लिहिलं आणि अगदी सहज विचारलं, "पट्टी किती रुंद आहे?"

आम्ही अजून पहिल्याच उदाहरणावर आहोत!